दिजाँचं घुबड

कॉफीच्या भांड्याने गुडगुड केली आणि घरातली शांतता मोडली. चार वर्षांत पहिल्यांदाच सोलेनला ती गुडगुड शेवटपर्यंत ऐकू आली, कारण तिची छोटी लेक कापुसीन काल आजीकडे झोपायला गेली होती. आज नवरा-बायकोनेच दिजाँ शहर बघायचं, लेकीचा विषय काढायचा नाही आणि रात्रीच्या गाडीनेच परतायचं, असं तिचं आणि बास्तियाँचं ठरलं होतं.

दिजाँच्या जुन्या चर्चच्या भिंतीवर एक दगडी घुबड आहे, लोकांचे हात लागून लागून पार गुळगुळीत झालेलं. डावा हात ठेवायचा आणि मनातलं मागायचं. सोलेनने डोळे मिटून मागितलं.

"काय मागितलंस गं?" बास्तियाँने विचारलं.

"सांगितलं की फळत नाही."

दुपारी दोन वाजता दोघं आजीच्या दारात उभी होती.

"रात्री येणार होतात ना? की दिजाँ बंद होतं आज?" आजी हसली.

"अगं आई, याचे पाय दुखायला लागले."

"माझे? आणि स्टेशनाकडे पळत कोण सुटलं होतं?"

 सोलेनने लेकीला कडेवर घेतलं आणि "याच्याकडे हवं ते मागायचं" म्हणत तिच्या मुठीत दिजाँहून आणलेलं छोटं लाकडी घुबड ठेवलं. खऱ्या घुबडाकडे तिने एवढंच मागितलं होतं, 'आजचा दिवस कापुसीनची आठवण येऊ देऊ नकोस.'

 

"आई, हे घुबड मागितलेलं खरंच देतं?" कापुसीनने विचारलं.