आपत्ती दाखवा, फ्रँचायझी घ्या

“मशिनं आम्ही देऊ, ट्रेनिंग आम्ही देऊ, बोर्डही आमचाच,” मेहुल म्हणाला. “आपत्ती मात्र तुम्हाला दाखवावी लागेल. ती कंपनी पुरवत नाही.”

सुजीतने ओट्यावर बसल्या बसल्या मान डोलावली. पूर ओसरला किंवा आग विझली की घर सुकवायचं, वास घालवायचा, रंग द्यायचा आणि घर पहिल्यासारखं करून द्यायचं, अशी ही फ्रँचायझी होती. बोईसरच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर पालघरच्या एका हॉटेलात त्याने तिची माहिती फुकट जेवणासकट ऐकली होती. फी नऊ लाख. मशिनं बारा लाख. गाडी वेगळी, आणि तालुक्यात दुसऱ्या कोणाला शाखा देऊ नये म्हणून त्याचे पैसे आणखी वेगळे. पहिल्या दिवशी आकडा ऐकून त्याच्या घशात गुलाबजाम अडकला होता. मग त्याने वडिलांच्या माघारी राहिलेली बोट विकायला काढली. घेणारा, डहाणूचा धर्मेश, आत बसून चहा पीत होता. सुजीतची आई मंजुळा त्याच्यासमोर बसून बशीकडे बघत होती. मेहुलचा होकार आला की सौदा व्हायचा होता.

आपत्तीची सुजीतला चिंता नव्हती. तारापूरजवळची ही मच्छीमारांची मांगेलआळी त्या बाबतीत सधन होती. आषाढात मोठी भरती आणि मोठा पाऊस एका दिवशी आले, की समुद्र प्रत्येक घरात कंबरेएवढा उभा राही. मागे एका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा काचा इथे फुटल्या होत्या. शेजारच्या भागीकाकीच्या स्वयंपाकघरात तर सिलिंडर पेटला होता. कंपनीला याहून काय हवं?

कंपनीचा नियम एकच होता. शेजारच्या घरांची पाहणी मेहुल एकट्याने करणार. अर्जदाराने सोबत यायचं नाही, कोणाला पढवायचं नाही, आणि हे कशासाठी चाललंय तेही सांगायचं नाही. मेहुलने इस्त्रीचा शर्ट पँटीत नीट खोचला आणि तो निघाला. सुजीतला राहवेना. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या आडून तो मागे मागे गेला.

पहिलं घर तानीचं. भिंतीवर कंबरेच्या उंचीला पुराच्या चिखलाची रेघ अजून तशीच होती.

“घरात पाणी येतं?” मेहुलने विचारलं.

“पानी? नाय बा,” तानी म्हणाली. “ती रंगाची पट्टी हाय. खाली मातीचा, वर पांढरा. आताशी सगले असाच काढतात.”

बोंबलांच्या आड सुजीतचं तोंड उघडं राहिलं.

कमलेशच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. “मुद्दाम नाय लावल्या,” कमलेश म्हणाला. “समुद्राची हवा अडते.”

भागीकाकीचं छप्पर चुलीच्या बाजूने कोळशासारखं काळं होतं. “आमी रोज धूप घालतो,” असं सांगून तिने मेहुलला खुर्ची दिली, पंखा लावला आणि पापलेट तळून वाढलं. मेहुलने सुजीतच्या घराबद्दल विचारलं, तेव्हा तर ती हसलीच. “तेंच्या घरात? समुद्र दारापर्यंत येतो, नि पाया पडून माघारी जातो. नि पोरगा म्हनाल तर सोन्यासारका. दारूला शिवत नाय.” मेहुलने हेही लिहून घेतलं. कर्जाच्या वेळी उपयोगी पडेल, असं त्याला वाटलं असावं.

उरलेल्या घरांतही तेच. ज्या घराला मागची भिंतच नव्हती, त्या घरच्यांनी ती बाजू उजेडासाठी ठेवल्याचं सांगितलं.

सुजीत आडवाटेने आधीच ओट्यावर येऊन बसला. मेहुल परतला तेव्हा त्याचाही चेहरा उतरला होता. “सॉरी, सुजीतभाऊ. इतकी वर्षं फिरतोय, असं गाव पाहिलं नाही. इथे कधी काही झालेलंच नाही. अर्ज नामंजूर.” मग तो जरा जवळ सरकला. “इथे एखादा प्लॉट मिळेल का? आमचं वैतरणा नदीकाठचं घर दरवर्षी बुडतं.”

आतून मंजुळाचा आवाज आला. “नको मंग धर्मेशभाऊ. आता बोट विकून काय करू?” त्या आवाजात दुःख शोधूनही सापडलं नसतं. धर्मेशने उरलेला चहा प्यायला, चपला घातल्या आणि तो निघून गेला.

मेहुल गाडीकडे वळताच भागीकाकी आणि तानी ओट्यावर आल्या. दोघींचे चेहरे फुलले होते.

“काकी,” सुजीतचा आवाज फाटला, “पुरात तुमच्या गाद्या मी डोक्यावरून न्हेल्या. नि तुमी सांगता पानी येतच नाय? का बुडवलात मला?”

“हलू बोल, तो अजून गाडीशी हाय,” भागीकाकी त्याच्या शेजारी टेकली. “पोरगी कुठली रं?”

“कुठली पोरगी?”

“आता आमच्यापासून लपव,” तानी म्हणाली. “कडक शर्ट घालून एकटाच घराघरात तुज्या घराची चौकशी करीत फिरतो, तो कोन, पोलिओवाला?”

सुजीतने मान वळवून गाडीकडे, मेहुलच्या कडक शर्टाकडे पाहिलं.

भागीकाकीचं हसू मावळलं. “कमलेशच्या वेली पोरीकडून असाच एक मानूस आलता,” ती म्हणाली. “पानी शिरतं म्हनून आमी खरा सांगून बसलो. तवापासून ह्या आळीत एक सून आलेली नाय.”