दुसरं पात्र

"अगं, गोष्टीतलं सपाट पात्र म्हणजे ताट नव्हे!" मास्तरीण ओरडली आणि तिने पेन टेबलावर आपटलं.

"मग ताटाहून सपाट आणखी काय असतं?" आई शांतपणे म्हणाली. "आणि गोल पात्र म्हणजे पातेलं. लक्षात राहायला बरं, म्हणून मी आपलं तसं धरलंय."

मास्तरीण म्हणजे तिची पोटची मुलगी. शाळेत भाषा हाच विषय शिकवायची, दहावीच्या दोन तुकड्यांना. शंभरावर पोरांच्या गळी तिने कथानक, पात्र, संघर्ष, कळस, कलाटणी सगळं उतरवलं होतं. जन्मदात्री आईपुढे मात्र तिने हात टेकले होते.

आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. चादरी धुवायच्या, वाळवायच्या, फाटलेल्या शिवायच्या. बावीस वर्षं हेच. आता तिथल्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. ती आईलाच मिळायची, पण दहावी पास हवी. आई बाहेरून परीक्षेला बसली. सगळे विषय सुटले, अगदी गणितसुद्धा. भाषेत मात्र दोनदा आपटली, आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर. 'स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग लिहा व त्यातील पात्रे, संघर्ष, कळस आणि कलाटणी दाखवा.' दहा गुण. दोन्ही वेळा तिने तिथे पान कोरं सोडलं. उद्या सकाळी शेवटची संधी. ती हुकली की जागा मिळणार एका पोरीला, जिला आईनेच हाताला धरून काम शिकवलं होतं. मग उरलेली वर्षं आईने तिच्या हाताखाली काढायची.

"कोरं का सोडतेस गं तू?"

"काय लिहू? माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही."

"पन्नास वर्षांत काही म्हणजे काहीच नाही?"

"नाही बाई. लग्न झालं, तू झालीस, नोकरी लागली. ह्यात कसला आलाय कळस?"

मास्तरणीचं डोकं फिरलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती ती. हिच्यापेक्षा वर्गातली टारगट पोरं परवडली. निदान खोटंनाटं काहीतरी लिहून मोकळी होतात. ही बाई खोटं लिहायची नाही आणि खरं सांगायची नाही. वर उशीच्या अभ्र्याला टाके घालत बसलेली, कारण ऐकताना हात रिकामे ठेवायची सवय नाही म्हणे!

"आई, ठेव तो अभ्रा! एकच प्रसंग सांग. कुठलाही. ठरवलं होतंस एक आणि ऐन वेळी केलंस भलतंच, असं कधी झालंय का?"

आईने दोरा दातांनी तोडून अभ्र्याची घडी घातली.

"एकदा पहाटे बसस्टँडवर गेले होते," ती म्हणाली. "तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस."

"हां! आहे की! आणि म्हणे काही घडलंच नाही." मास्तरणीने वही पुढे ओढली. "कशाला गेली होतीस?"

"घर सोडून चालले होते."

मास्तरीण चमकली. हे तिने आजवर कधी ऐकलं नव्हतं. "का? बाबांनी मारलं होतं? आजीने छळलं?"

"छे गं. वाकड्या शब्दानं कुणी बोललं नव्हतं. दमले होते. सहा महिने डोळ्याला डोळा नाही. वाटलं, पुरे झालं आता."

"म्हणजे आंतरिक संघर्ष. उत्तम!" 'पात्रे' या शब्दाखाली मास्तरणीने भराभर लिहिलं : आई. कडेवरचं बाळ. "मग? बस आली?"

"आली. तिकीट हातात होतं. सगळे चढले, मी आपली खाली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मग बस गेली आणि मी घरी आले. झालं."

"झालं काय, झालं? अगं, बसमध्ये चढली असतीस तर कळस झाला असता! नुसतीच परत आलीस, तर ह्यात घडलं काय? निदान कारण तरी लिही. कारणाशिवाय कलाटणी दाखवलीस तर अर्धा गुणसुद्धा मिळायचा नाही. मी रडले असेन. रडले ना? तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि..."

आईने चष्मा लावला. वहीत डोकावून पाहिलं. दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"हे दुसरं पात्र खोड," ती म्हणाली. "तू नव्हतीस तिथे."

"मग कुठे होते मी?"

"घरी. आजीच्या कुशीत झोपली होतीस."

मास्तरणीने खोडायला पेन उचललं, पण खोडलं नाही. मघापासून चढलेला सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं, ते तिचं तिलाच कळेना.

"मला टाकून चालली होतीस?"

"हो." आईने नजर चुकवली नाही. "मग बस फलाटाला लागली, आणि माझा ब्लाउज भिजला. पार कमरेपर्यंत. तुझी प्यायची वेळ झाली होती."

आईने मास्तरणीच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वही आपल्याकडे वळवली.

"आता बोल ना. ह्यात कळस कुठला आणि कलाटणी कुठली? उद्या लिहायचंय मला."