पाणचमक

मेकअप करणाऱ्या सारोमने यंजूच्या चेहऱ्यावर शेवटचा फवारा मारला, ओलसर स्पंज गालांवर हलकेच थोपटला आणि तिला डोळे उघडायला सांगितले.

यंजूने आरशात पाहिले. कपाळ, नाकाचा शेंडा, गालांचे उंचवटे ओले दिसत होते. हात लावला तर बोटांना पाणी लागेल असे वाटत होते. पावडरीचा कणही कुठे नव्हता. सोलमधल्या या सलूनमध्ये नवऱ्या मुली पहाटेपासून येऊन बसत त्या याच पाणचमकेसाठी.

"आई, बघ ना," यंजू म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत तिची आई मालसून बसली होती. नवरीच्या आईने घालायचा गुलाबी हानबोक तिने घातला होता आणि त्याच्या रुंद बाह्यांत दोन्ही हात लपवले होते. जेजू बेटावर ती अजून रोज समुद्रात बुड्या मारून शिंपले काढत असे. पाण्यातल्या चष्म्याचा गोल वळ तिच्या कपाळावर कायमचा उमटला होता. सारोमने त्यावर क्रीमचे थर दिले, तरी तो पुरता झाकला गेला नव्हता.

मालसूनने मुलीकडे एकदा पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

यंजूला वाटले, आपले कालचे बोलणे आईला लागले. सासरची माणसे असतील, वळ तेवढा झाकून घे, असे तीच म्हणाली होती. तिने हळू आवाजात माफी मागितली. मालसूनने मान हलवली. ते नाही, म्हणाली. मग भिंतीकडे बघतच तिने सारोमला विचारले, हिला थोडी पावडर लावता येईल का?

सारोम हसली. पावडरीने सगळी मेहनत मातीत जाईल, असे तिने समजावले. "काकू, हल्ली असंच असतं. बाई आत्ता पाण्यातून वर आल्यासारखी दिसायला हवी."

"पाण्यातून वर आलेली बाई आधी तोंड पुसते," मालसून म्हणाली.

सारोमच्या हातातला स्पंज तसाच राहिला.

"ओकह्वाला काढलं तेव्हा तिचं तोंड असंच होतं," मालसून पुढे म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "खडकावर निजवली. मी पुसत होते. केसांतून पाणी यायचं, की परत ओलं. बघणाऱ्या बाया म्हणाल्या, किती छान दिसते गं."

ओकह्वा म्हणजे मालसूनची धाकटी बहीण. ती गेली त्या दिवशी लहानग्या यंजूला शेजारणीच्या घरात कोंडून ठेवले होते. मावशी समुद्रात गेली, एवढेच तिला नंतर कळले. मावशीचा तो चेहरा तिने पाहिला नव्हता. आरशात आता तिला स्वतःचाच चेहरा पाहवेना.

तिने टिपकागदाचा डबा जवळ ओढला. डबा सरकल्याचा आवाज ऐकून मालसून म्हणाली, "नको. पुसू नकोस. चांगली दिसतेस, मला कळतं. लोक तुला बघायला येणार आहेत."

"आणि तू?"

वडील नसल्यामुळे लग्नाच्या दालनात मुलीचा हात धरून मालसूनच चालणार होती. मग पुढे नवरानवरी आईसमोर वाकणार, आणि त्या वेळी आईने मुलीकडे पाहायचे असते.

"मी हात धरीन," ती म्हणाली. "समोर बघून चालीन. तू वाकलीस की डोळे मिटीन. रडते असं वाटेल लोकांना."

सारोमने टिपकागदाचा डबा उचलून यंजूच्या मांडीवर ठेवला. आता तुम्हीच ठरवा, असे तिचा चेहरा सांगत होता. पलीकडच्या खुर्चीत केस वाळवण्याचे यंत्र घूं घूं करत होते.

यंजूने कागद घेतला नाही. ती ताठ बसली. छाती भरून श्वास घेतला, कोंडून धरला, मग ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर सोडला.

बुडी मारून वर आलेल्या बाया असाच श्वास सोडतात. त्याची बारीक शिट्टी होते. खडकावर वाट पाहणारी पोरे ती ऐकतात आणि आपली आई वर आली हे ओळखतात. यंजू लहानपणी त्या खडकांवर बसून या शिट्टीची नक्कल करायची. नंतर शिकायला सोलला आली, समुद्रात कधी उतरलीच नाही.

शिट्टी नीट झाली नाही. अर्धी नुसती हवाच होती. केस वाळवणारी मुलगी थांबून बघू लागली.

मालसूनची पाठ हलली नाही. "श्वास मध्येच तुटला," ती म्हणाली. "पोटातून काढ."

यंजूने पुन्हा श्वास घेतला. या वेळी तो लांब गेला, बारीक आणि एकसारखा. त्याने आरसा थोडा धुरकटला.

मालसूनने खुर्ची वळवली. मुलीच्या कपाळाकडे, नाकाच्या शेंड्याकडे, ओल्या गालांकडे तिने एकेक करून पाहिले. हात बाहीतून निघून त्या चेहऱ्यापाशी गेला आणि न टेकता तिथेच थांबला.

मग तिनेही ओठांचा चंबू केला आणि समुद्रात देतात तसे उत्तर दिले.