घाटातलं मायलेज

विम्याचे कागद घेऊन हिर्लेकरकाकू शोरूममध्ये शिरल्या, तशी निनादने मान खाली घातली. हिर्लेकरकाकांना गाडी त्यानेच विकली होती. "काका, परवडणारी स्पोर्ट सेडान आहे. जुनीपेक्षा ताकद दीडपट, वर लिटरला वीस किलोमीटर."

ताकद खरोखरच होती. मायलेज मात्र पंधराच्या वर जाईना, आणि काका दर सोमवारी वही घेऊन हजर. शेवटी कंटाळून निनाद म्हणाला, "मग घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून इंजिनच बंद करा की." इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, एवढं सांगायचं तेवढं राहिलं. गेल्या महिन्यात काका आंबा घाटात गाडीसकट दरीत गेले.

आता काकू चारचौघांत आपली सालटी काढणार, अशी त्याने मनाची तयारी केली. काकू समोर बसल्या.

"ब्रेकच लागला नाही, त्याला तुम्ही काय करणार? उलट तुमच्या युक्तीने गाडी तेवीस देऊ लागली, तेव्हा ह्यांनी पेढे वाटले. फिरायच्या ग्रुपात सगळ्यांना शिकवून ठेवलीय."

"सगळे म्हणजे किती, काकू?"

"नऊ जण. आज गणपतीपुळ्याला निघालेत, ह्यांच्या आठवणीत."

निनादने त्यांना तिथल्या तिथे एकाला फोन लावायला लावला आणि तो हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. पलीकडे त्या गृहस्थांची बायको होती.

"बोला. हे गाडी चालवतायत. घाट लागलाय. पण काय शांत उतरतेय हो गाडी, इंजिनचा आवाजसुद्धा येत नाही."