मीटरचे सेल

आमच्या ह्यांना हिरवं आणि पिवळं धड वेगळं दिसत नाही, आणि नोकरी काय, तर गव्हाचं नवं वाण काढायचं! ज्या रोपाचं पान जास्त हिरवं, त्याचंच बी पुढे धरायचं. वीस वर्षं मी शेतात ह्यांच्या शेजारी उभी राहून हळूच सांगत आले, "हे ठेवा, ते सोडा."

यंदा पानातलं हरितद्रव्य मोजणारं मीटर आलं. पानाला चिमट्यासारखं लावलं की आकडा दिसतो. सुटले बाई एकदाची, म्हटलं. पण घरी काही करमेना.

तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन. "अगं, मीटरचे सेल संपलेत. येतेस का जरा?"

पुढे आठवडाभर रोज तेच. मीही रोज कुरकुरत गेले.

काल ह्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात दोन सेल. आमचा रिमोट कधीचा बंद पडला होता, त्यात घालून पाहिले. टीव्ही चटकन लागला.

ते सेल मी रिमोटमध्येच राहू दिले, आणि रिमोटमधले संपलेले ह्यांच्या आजच्या शर्टाच्या खिशात ठेवले. साधा माणूस आहे हो. रोज रोज खोटं बोलायची पाळी कशाला आणायची?