म्होरकी

तंबूत वाकून कशाला शिरायचं, हेच सुलाबाईला पटत नव्हतं. सारा जन्म मेंढरांमागे उघड्या माळावर झोपून काढला आणि आता लेकाने माणदेशातून गाडी काढून कोयनेच्या डोंगरात आणलं, ते पुन्हा उघड्यावरच झोपायला. वर ह्या हौसेला कॅम्पिंग म्हणायचं.

जागा तशी झकास होती. गर्द झाडी, उतारावर तीन तंबू, पत्र्याची एक मोरी, तीन दगडांची चूल. दुपार कलली तरी धुकं उठलं नव्हतं. पण सुलाबाईचा जीव जागेत नव्हता, लेकाच्या चेहऱ्यात अडकला होता. विश्वजित एरवी मुंबईहून यायचा तो रजा झोपून काढायचा. ह्या खेपेला आला आणि घोषा लावला, "आई, तुला फिरवून आनतो." सून अंकिता तर रस्ताभर "आत्या, पाणी देऊ का? आत्या, पाय लांब करा," करत आली. इतकं गोड बोलणं सुलाबाईने आधी एकदाच ऐकलं होतं, डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा.

कुठेतरी पाणी मुरत होतं.

"मेंढरांकडं कोन हाय रं?" चुलीपाशी टेकत तिने विचारलं.

"जोतीरामतात्या हाय की. किती येळा इचारशील?"

"फोन लाव त्याला. म्होरकीनं पाला खाल्ला का इचारते. माज्या हाताबिगर खात न्हाई ती." म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढे घंटी वाजवत चालणारी तिची लाडकी मेंढी.

"हितं रेंज न्हाई, आई."

असं म्हणाला आणि जरा वेळाने फोन कानाला लावून वरच्या जांभळीमागे गेला. धुक्यात माणूस दिसेना, पण पुटपुटणं ऐकू येत होतं. सुलाबाईने कान टवकारले. "गाडी गेली का?... बरं... बरं." एवढंच हाती लागलं. परतला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

"रेंज आली व्हय?"

"हाफिसचा फोन हुता."

"हाफिसात गाडी कसली?"

विश्वजित चूल फुंकायला बसला. जाळ चांगला धडधडत होता, फुंकायची काही गरज नव्हती. अंकिता घाईघाईने म्हणाली, "आत्या, भजी करूया का?"

आणखी एक गोष्ट सुलाबाईला सकाळपासून खुपत होती. विश्वजितची काळी सॅक. तिला तो कुणाला हात लावू देत नव्हता. गाडीत मांडीवर, इथे आल्यावर पायाशी. असं काय सोनं भरलंय त्यात?

तंबूंच्या तळाचा राखणदार नाथाजी लाकडांचा भारा घेऊन आला. "पावनं, पिशव्या भुईवर ठिवू नगासा. वांदरं वडून न्हेत्यात." विश्वजित उठेपर्यंत त्याने सॅक उचलून फांदीला अडकवलीसुद्धा.

फांदी हलली आणि सॅकमध्ये घंटी वाजली. दबकी, तोंड दाबून धरल्यासारखी.

सुलाबाई ताडकन उठली. म्होरकीच आली, असं वाटून तिने धुक्याकडे पाहिलं. मग मान वर करून फांदीकडे पाहिलं.

विचारायची गरजच उरली नाही. विकलेलं जनावर घेणाऱ्याच्या दारी जातं, गळ्यातली घंटी जात नाही. घरधन्याने ती आपल्या हाताने काढून ठेवायची, म्हणजे बरकत घरात राहते. सासऱ्यांनी तसंच केलं होतं, नवऱ्यानेही. मुंबईला जाऊन पोरगं रानातलं सगळं विसरलं. नेमकं हे तेवढं विसरलं नाही.

"आई, मी सांगनारच हुतो. जेवल्यावर सांगनार हुतो." विश्वजित पुढे येत म्हणाला. "तुजा गुडगा ह्यो असा. मागं वढ्याच्या वगळीत पडलीस, सांज हुईस्तवर कुनाला पत्ता न्हाई. मला तिकडं झोप लागत न्हाई गं. आन तुज्याम्होरं गाडीत भरली असती तर तुला सोसलं नसतं."

"समदी?"

"समदी."

सुलाबाई फांदीकडे निघाली. सुनेने धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. सॅक काढली, उघडली. घंटीच्या पोटात विश्वजितने पायमोजा कोंबला होता. तिने तो उपसून टाकला. घंटीच्या दोरीला लोकर चिकटलेली होती. तिच्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"काढताना हिसका मारला का रं तिनं?"

"न्हाई." विश्वजित खाली बघत म्हणाला. "आपनहून मान फुडं केली."

"तिनं तरी इस्वास ठिवला म्हनायचा."

नाथाजीला काही कळेना, तो भारा तसाच टाकून निघून गेला. तेवढ्यात विश्वजितच्या खिशातला फोन वाजला. सवयीने तो जांभळीच्या दिशेला वळला.

"थांब." सुलाबाई त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "मान खाली घाल."

त्याने घातली. तिने त्याची कॉलर नीट वर केली, दोरी गळ्यात घातली आणि मागे दोन गाठी मारल्या. घाई केली नाही. गळ्याला काचत नाही ना, म्हणून आत बोट घालून पाहिलं.

"हं, जा आता," ती म्हणाली. "कुठं जातुयास ते मला कळंल तरी."