अनशापोटी

बिबवेवाडीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आईचा रिपोर्ट वाचताच आमोद भडकला. “तीनदा डोस वाढवलात, तरी थायरॉइडचा आकडा जागचा हलत नाही! आई शेजाऱ्यांची नावंसुद्धा विसरायला लागलीय.” “आणखी वाढवला तर या वयात हृदयाला झेपणार नाही,” म्हणत बाई आईकडे वळल्या. “आजी, गोळी अनशापोटीच घेता ना?” “अगदी! अंथरुणातून उठायच्याही आधी.” आईचा सुजलेला चेहरा उजळला. “हा स्वतः आणून देतो, चहाच्या बशीत. एक दिवस चुकला नाही.” बाईंचं पेन थबकलं. “चहाबरोबर?” “चहानं कुठे उपास मोडतो?” आमोद फणकारला. “उपास मोडत नसेल, पण गोळी अंगी लागत नाही. ती पाण्याबरोबर द्या, चहा तासाभरानं.” त्याची मान खाली गेली. गुडघ्यावर आईचा गार हात आला. “याला रागावू नका हो, चहा छान करतो. बाळा, नाव काय तुझं?”